ओटीतली डबी

भागम्माबाईंनी उभ्या जन्मात नुसतं बघायला म्हणून घर सोडलं नव्हतं. लग्न असलं तर लग्नाला, माती असली तर मातीला, नाही तर देवाला. त्यामुळं दसऱ्याला दारात नवी गाडी आली आणि सून उत्तरा म्हणाली, आई, रविवारी येलदरी बघून येऊ, धरण भरलंय म्हणतात, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं की तिथं कोण वारलं.

कोणी वारलं नाही, कोणाचं लग्नही नाही, असं उत्तरानं समजावून सांगितलं. आता पाऊस सरलाय, हवा कोरडी झालीय, डोंगर अजून हिरवे आहेत आणि पाणी काठोकाठ आहे. लोक गाडी काढतात, बघतात, डबा खातात आणि परत येतात. भागम्माबाईंना हा प्रकार बिनकामाचा वाटला. तसं त्या बोलूनही दाखवत राहिल्या. पण शनिवारी संध्याकाळीच त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं बाहेर काढून घडी मोडून ठेवलं, तेव्हा उत्तरा काय समजायचं ते समजली.

गाडी चालवायची ती उत्तरानंच. ती परभणीतल्या एका कॉलेजात क्लार्क, माहेर शिक्षकांचं, हात कामाला नेटका. तिचा नवरा शिवप्रकाश कापडाचा दुकानदार. गिऱ्हाईक पटवण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता, पण गाडी शिकताना त्यानं ती स्वतःच्याच दुकानाच्या शटरवर घातली होती. तेव्हापासून तो गाडीत बसायचा आणि गाडी कशी चालवावी ते बायकोला सांगायचा.

आता भागम्माबाईंचं एक सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं काहीच उमगायचं नाही. हे घर लिंगायतांचं. भागम्माबाईंच्या गळ्यात जन्मल्यापासून इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधून, छातीशी. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी. आणि लिंग अंगावेगळं झालं, तर ते परत अंगावर येईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, थुंकी गिळायचीही चोरी. त्यांच्या वडिलांचं लिंग एकदा पूर्णा नदीत पडलं होतं म्हणे. म्हातारा काठावर बसून राहिला, घोटभर पाणी घेतलं नाही, आणि अखेर ते गाळात सापडल्यावरच उठला. ही गोष्ट भागम्माबाई मोठ्या अभिमानानं सांगायच्या. म्हाताऱ्याला साखरेचा आजार नव्हता, एवढं मात्र त्या गोष्टीत कधी यायचं नाही.

भागम्माबाईंना होता. इन्सुलिनची सुई चालू होती आणि ती उत्तरा द्यायची. आधी सुई, मग पूजा, लगेच न्याहारी, हा घरातला नेम. सुई दिल्यावर पोटात काही गेलं नाही तर साखर भराभर उतरते, माणूस बेशुद्ध पडतं, हातचं जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी उत्तराला दोनदा बजावून सांगितलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं, पण तो तेव्हा फोनवर होता.

ठरलं असं की सुई आणि पूजा दोन्ही येलदरीच्या काठावर. पाण्याशेजारी बसून पूजा करायची भागम्माबाईंची हौस, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कसलीच हौस सांगितली नव्हती, म्हणून उत्तराही लगेच हो म्हणाली. पूजेच्या पिशवीत भस्म, बेल, फुलं, नैवेद्याला साखर भरली. डब्यात धपाटे आणि दही घेतलं.

सगळं नीट दिसावं म्हणून भागम्माबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. शिवप्रकाश मागं, जरासा फुगून. गाडी सुटली तशी तिची टिंगटिंग सुरू झाली, म्हणून उत्तरानं सासूबाईंना पट्टा लावून दिला. झरी गाव येईपर्यंत त्यांनी तो सहन केला. मग म्हणाल्या की पट्टा बरोबर डबीवरनं चाललाय, देवाच्या छातीवर पट्टा आवळून मी येलदरी बघणार नाही. उत्तरानं पट्टा वर करून पाहिला, खाली करून पाहिला, तो फिरून जागेवर. काढून टाका म्हणावं तर ती टिंगटिंग, आणि खरं सांगायचं तर गाडीचे नियम मोडायचे नाहीत हा उत्तराचा स्वतःचा एक ताठा होता. पट्टा पाहिजेच आई, असं ती म्हणाली. थोड्या घासाघिशीनंतर भागम्माबाईंनीच तोड काढली. गळ्यातला दोरा काढला, डबीभोवती गुंडाळला आणि डबी डाव्या मुठीत घट्ट धरली. हातही अंगच आहे, असा त्यांचा हिशोब. उत्तराला तो पटला आणि ती निश्चिंत झाली.

मग मात्र म्हातारी खुलली. बोरी गावाच्या पुढं सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडली होती, कापूस फुटायला लागला होता, तुरीवर पिवळा फुलोरा. हे रान कोणाचं, ते कोणाचं, असं त्या विचारायच्या, आणि उत्तराला ठाऊक नसलं की कॉलेजात काय शिकवतात म्हणायच्या. जिंतूर मागं टाकून गाडी येलदरीच्या रस्त्याला लागली तशी डोंगर जवळ आले. गवत उंच वाढून पिवळसर झालं होतं आणि ऊन पडलं की सगळा उतार हलल्यासारखा दिसायचा. भागम्माबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. देवानं हे सगळं कधी केलं, असं त्या एकदा स्वतःशीच म्हणाल्या.

रस्त्याच्या कडेला बाभळीखाली एक बाई सीताफळं घेऊन बसली होती. तिथं थांबा झाला. उत्तरा डोंगराचे फोटो काढत राहिली, शिवप्रकाश फोनवर, आणि भागम्माबाईंनी एकेक फळ दाबून, डोळे बघून पारखून घेतलं. परत आल्या त्या पदरात फळं घेऊनच. पुढं एक मोठा चढ लागला. तो चढून गेलं की एकदम खाली पाणीच पाणी. तिथंही सगळे उतरले. भागम्माबाई कितीतरी वेळ पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्यांना वाटलं होतं मोठी विहीर असेल.

काठावर पोचल्यावर एका लिंबाखाली गाडी लावली. पलीकडं कोळ्यांची जाळी वाळत घातलेली होती, पाण्यावर दोन होड्या होत्या. उत्तरानं गाडीतच सासूबाईंच्या दंडाला सुई दिली, झाकण लावलं, आणि डबा उघडायला घेतला. भागम्माबाईंनी पाण्याशी जाऊन हातपाय धुतले, आसनावर बसल्या, कपाळाला भस्म ओढलं, आणि डावा हात पुढं धरला. तो रिकामा होता.

मग त्यांचा हात कमरेशी गेला. सीताफळं चाचपताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी डबी ओटीत, कमरेला खोचलेल्या पदरात, टाकली होती. आणि फळं देताना सीताफळवालीनं ती कशात ओतली असतील? त्याच पदरात. पदर सोडला, फळं घेतली, फळं गाडीत मागं ओतली. डबी कोणत्या क्षणी निसटली ते देवालाच माहीत. पुढं चढावर पाणी बघताना मूठ रिकामी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा नुसतं बघत होत्या ना, मग ध्यानात कुठून येणार?

भागम्माबाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. चेहरा मात्र असा पडला की उत्तराच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी उलटीपालटी केली. सीताफळं एकेक बाहेर काढली, सीटखाली हात घातले, पायपुसणी झाडली, लिंबापासून पाण्यापर्यंतची वाळू पायानं चाळली. नव्हती. शिवप्रकाश वाकून शोधत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्याचं स्वतःचं लिंग कॉलेजात असल्यापासून देवघराच्या कप्प्यात पडलेलं; उत्तराचंही, लग्नात स्वामींनी दिलेलं, सणावारीच गळ्यात यायचं. सुनेला भागम्माबाई कधी बोलल्या नाहीत. लेकाला मात्र रोज बोलायच्या, आणि ते पालथ्या घड्यावर पाणी.

उत्तरा सासूबाईंजवळ जाऊन उकिडवी बसली. सुई दिलीय, आधी दोन घास खा, मग सगळे मिळून शोधू, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. भागम्माबाई म्हणाल्या, मला ठाऊक हाय. निदान साखरेचं पाणी तरी घ्या, उत्तरा म्हणाली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. उत्तरानं शपथा घातल्या, पाया पडली, शेवटी दरडावूनही पाहिलं. म्हातारी दगडासारखी बसून राहिली.

मग उत्तराला सुचलं की स्वामींना फोन लावावा. गुरूंनी परवानगी दिली तर आई मोडणार नाहीत. शिवप्रकाशनं लावला. स्वामी एका गावी पूजेला बसलेले, फोन बंद. पुन्हा लावला, बंदच.

तेव्हा भागम्माबाईंनी लेकाला जवळ बोलावलं.

"शिवप्रकाश, लिंग सापडंपर्यंत माझ्या तोंडात कायबी घालायचं न्हाई. मी पडले तरी न्हाई. शब्द दे."

शिवप्रकाशनं आईच्या हातावर हात ठेवला. देतो म्हणाला. सुनेकडून शब्द मागायचं भागम्माबाईंना सुचलं नाही, किंवा सुनेचा शब्द त्यांनी धरलाच नसेल.

उत्तरा उठली. आता तिच्या डोक्यात एकच होतं. सीताफळवाली बाई त्याच रस्त्यावर, आणि दवाखाना जिंतुरात, म्हणजे तोही त्याच रस्त्यावर. चला म्हणाली. डबा तसाच उघडा गाडीत टाकला.

मघाचाच रस्ता, मघाचंच पाणी, आता उजव्या अंगाला. मघाशी ज्याच्यासाठी गाडी थांबत होती त्याच्याकडं आता कोणी मान वळवीना. उत्तराला ते सगळं निळं-पिवळं वैऱ्यासारखं वाटायला लागलं. मीच आणलं यांना, मीच पट्टा लावायला लावला, असं तिच्या मनात येत होतं आणि ती ॲक्सिलरेटर दाबत होती. मागून शिवप्रकाश हळू म्हणत होता, आणि मग लगेच लवकर म्हणत होता.

चढावर थांबायला लागलं. ते भागम्माबाईंचं म्हणणं होतं. इथं आपण लय वेळ उभं हुतो, इथंच पडली असंल. उत्तराला थांबायचं नव्हतं. पण लेक आधीच दार उघडून उतरला होता. मग तीही उतरली. गवत गुडघाभर. मघाशी त्यांनी कुठं पाय ठेवले होते ते गवतानं कधीच पुसून टाकलेलं. ती दोघं वाकून हातानं गवत दुभंगत होती आणि उत्तरा दर थोड्या वेळानं मान वर करून गाडीकडं बघत होती. एकदा तिनं बघितलं तर सासूबाई पदरानं मान पुसत होत्या. वारा गार होता.

ती धावत गाडीशी आली. भागम्माबाईंचं अंग घामानं चिंब झालं होतं, हाताची बोटं थरथरत होती. काय होतंय विचारलं तर कायबी न्हाई, कायबी न्हाई, असं चिडून म्हणाल्या. त्या कधी चिडायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं उत्तरासमोर एकेक करून उभं राहायला लागलं. तिनं नवऱ्याला हाका मारल्या. तो येईना, एवढा दगड उलटून बघतो म्हणत होता. शेवटी तिनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

चढ उतरून गाडी सपाटीला लागली तर पुढं रस्ताभर मेंढरं. धनगर कडेनं निवांत चाललेला, मेंढरं त्याहून निवांत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते असं. उत्तरानं काच खाली करून हात जोडले. त्या माणसानं गाडीतल्या म्हातारीकडं एकदा पाहिलं आणि काठी घेऊन मेंढरांत घुसला. पण मेंढरंच ती, एक बाजूला झालं की दोन आडवी. गाडी मुंगीच्या पावलानं त्यांच्यातून सरकत राहिली.

तेवढ्यात भागम्माबाई बोलायला लागल्या. उत्तराला त्या कावेरी म्हणाल्या. कावेरी त्यांची थोरली बहीण, जाऊन किती वर्षं झाली. कावेरी, विहिरीवर दोर ठेवलास का, असं त्यांनी विचारलं, आणि मग जीभ जड झाली, शब्द तोंडात घोळायला लागले. मान खिडकीकडं कलंडली.

मेंढरं सरली तशी उत्तरानं पन्नास पावलंही न जाता गाडी कडेला घेतली. जिंतूर अजून लांब होतं. एवढ्या वेळात काय होईल ते तिला कळत होतं. तिनं पूजेच्या पिशवीतून नैवेद्याच्या साखरेची पुडी काढली, फाडली, आणि तळहातावर साखर घेऊन तिच्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. देवाला दाखवायच्या आधीची साखर, लिंगाविना, पूजेविना. एकात एक किती पापं झाली ते मोजायला ती थांबली नाही.

मागून शिवप्रकाशनं तिचं मनगट धरलं.

"शब्द दिलाय मी."

"मी दिला नाही," उत्तरा म्हणाली. "हात सोडा."

त्यानं सोडला नाही. त्याचे डोळे भरले होते, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि मनगटावरची पकड मात्र लोखंडाची. आईनं जन्मभर पाळलंय, तिच्या वडलांनी पाळलं, शेवटच्या वेळी तोंड बाटवू नको, असं काहीबाही तो बोलत होता. शेवटच्या वेळी हा शब्द कानावर आला आणि उत्तराला त्याचा असा संताप आला, जो लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधी आला नव्हता. साखर अर्धी सांडली होती. उरलेली तिनं झटक्यात डाव्या हातात घेतली, सासूबाईंचा गाल ओढला आणि बोटांनी साखर आत, हिरड्यांवर, गालाच्या आतल्या अंगाला चोळली. पुडी दातांत धरून आणखी घेतली, आणखी चोळली. दुसरं मनगट नवऱ्याच्या हातातच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. उत्तरा पुन्हा पुन्हा आई, आई, गिळा, म्हणत होती. मग म्हातारीच्या घशाशी हालचाल झाली. ओठ एकमेकांवर घासले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, कुठं आहोत ते कळेना, पुन्हा मिटले. उत्तरानं आणखी साखर दिली, ती त्यांनी आपणहून गिळली. शिवप्रकाशनं मनगट कधी सोडलं ते तिला कळलं नाही. तो खाली उतरून गाडीकडं पाठ करून उभा होता.

भागम्माबाई नीट बसल्या, उत्तराला उत्तरा म्हणाल्या, तेव्हा ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. पोटभर रडायलाही वेळ नव्हता. दवाखाना गाठायला हवा होता. तिनं नवऱ्याला गाडीत बसा म्हणून सांगितलं आणि गाडी चालू केली.

पुढच्याच वळणावर बाभळ होती. खाली ती सीताफळवाली. कडूबाई तिचं नाव, ते मागाहून कळलं. गाडी ओळखून ती लांबूनच हात वर करून उभी राहिली, आणि मग हातानं बाभळीच्या फांदीकडं दाखवायला लागली. फांदीला दोऱ्यानं चांदीची डबी टांगलेली होती.

गाडी गेल्यावर पाट्या सारताना पाल्यात सापडली, असं कडूबाईनं सांगितलं. तुमच्या लोकांच्या गळ्यातलं हाय, मला ठाऊक. उघडलं न्हाई, कुणाचा पाय लागू नये म्हणून वर बांधलं. तिकडून माघारी याल तवा देऊ म्हणून वाट बघायलाले. शिवप्रकाशनं तिच्यापुढं हात जोडले, चपला काढल्या, आणि डबी सोडून दोन्ही हातांनी आईपाशी आणली. भागम्माबाईंनी ती डोळ्यांना लावली, छातीशी धरली आणि तशाच बसून राहिल्या.

उत्तराला सुटका वाटायला हवी होती. वाटलीही, क्षणभर. मग तिनं मागं वळून पाहिलं. मघाशी गाडी थांबली होती ती जागा वळणाच्या लगेच पलीकडं होती. तिथून ही बाभळ दिसत नव्हती, पण अंतर एवढंएवढंसंच होतं.

शिवप्रकाशही तिकडंच बघत होता.

"एवढंच राहिलं होतं," तो म्हणाला. "हे एक वळण. तेवढं तुला थांबता आलं न्हाई."

उत्तराला बोलायला पुष्कळ होतं. डॉक्टर काय म्हणाले होते, वळणापलीकडं काय आहे हे कोणाला माहीत होतं, आणि डबी इथं नसतीच तर. पण खरंच एक वळण थांबले असते तर, हे तिच्याही मनात आलंच होतं, आणि त्यानं बोलून दाखवलं म्हणून ते आता जाणार नव्हतं. आईंनी जन्मभर सांभाळलेलं आपण मोडलं. कडूबाई एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघून आपल्या पाट्यांशी जाऊन बसली.

भागम्माबाई जिभेनं दातांची कड चाचपत होत्या.

"त्वांडात काय घातलंत?" त्यांनी विचारलं.

साखर, उत्तरानं सांगितलं. नैवेद्याची.

"कुणी?"

मी, असं म्हणून तिनं मान खाली घातली. आता जे काही ऐकायचं ते ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. भागम्माबाईंनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या उजव्या मनगटावर बोटांचे पाच वळ उठले होते, ते त्यांनी पाहिले. त्यावर आपला हात ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. मग त्या लेकाकडं वळल्या.

"अन् तू काय करीत हुतास?"

शिवप्रकाश जरा ताठ झाला. एवढ्या सगळ्यात त्याच्याजवळ सांगण्यासारखं हे एकच होतं.

"मी तुझा शब्द मोडू दिला न्हाई, आई. शेवटपस्तोर तिचा हात धरून हुतो."

भागम्माबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. आधी त्यांना ते नीट कळलं नसावं. मग कळलं, आणि त्यांचे डोळे हळूहळू भरून आले.

"लिंग गळ्यात घाल म्हणले, ऐकलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "पूजा केल्याबिगर दुकान उघडू नगं म्हणले, ऐकलं न्हाईस. उभ्या जन्मात माझा एक शब्द ऐकला न्हाईस, शिवप्रकाश. अन् आज मी मरायला लागले, तवा ऐकलास व्हय रं?"